जॅममधली साखर

दिवाळीचे चार दिवस सरतात, डब्याच्या तळाशी चकलीचे तुकडे आणि शेवेचा चुरा तेवढा उरतो, आणि ज्या घरात शाळकरी मुले आहेत त्या घरातल्या गृहिणीपुढे जुनाच प्रश्न येऊन उभा राहतो : सकाळी डब्यात काय द्यायचे? पोळीला लावायला म्हणा, पावाला लावायला म्हणा, काहीतरी गोड हवे असते. नेमके याच दिवसांत हातगाड्यांवर पेरूंचे ढीग दिसू लागतात. चार पेरू तिखटमीठ लावून खाल्ले, दोनांची कोशिंबीर झाली, तरी पिशवीत आठ उरतातच. आणि दोन दिवसांत त्यांचा वास साऱ्या घरभर सुटतो. मग कुणीतरी म्हणते, "जॅम करून टाकू या की!"

जरूर करावा. पेरूसारखे जॅमला सोयीचे फळ आपल्याकडे दुसरे क्वचितच असेल. परंतु वर्षभरात या सदराकडे जॅमविषयी जेवढी पत्रे आली (आता पत्रे म्हणजे बहुतेक मोबाइलवरचे निरोपच, पण सवयीने मी पत्रेच म्हणते), त्यांतल्या निम्म्याहून अधिक पत्रांत एकच विचारणा आहे. साखर किती कमी केली तर चालेल? कुणाकडे सासरे मधुमेही आहेत, कुणाच्या मुलाचे वजन वाढते आहे, कुणाला बाजारच्या जॅमची गोडी नकोशी वाटते. विचारणा अगदी रास्त आहे. तिचे उत्तर मात्र 'पाऊण वाटी' किंवा 'अर्धी वाटी' असे एका शब्दात देण्यासारखे नाही. जॅमच्या पातेल्यातून साखर आंधळेपणाने काढून घेतली म्हणजे काय होते, ते मी गेल्या वर्षी आमच्याच घरात पाहिले आहे.

आमची धाकटी जाऊ डोंबिवलीला असते. भाऊजींची कंपनी तीन वर्षांपूर्वी बंद पडली. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला नवी नोकरी कोण देतो? हिशेबाचे थोडेफार काम मिळते, पण त्यावर घर चालत नाही. धाकटीच्या हाताला चव आहे. आधी लोणची, मग मेतकूट, मग जॅम असे करत तिने हळूहळू गिऱ्हाइके जोडली. अन्न सुरक्षा प्राधिकरणाकडे रीतसर नोंदणी केली, तो क्रमांक बाटलीवरच्या चिठ्ठीवर छापून घेतला. गेल्या दिवाळीला जवळच्या एका वसाहतीतून एकदम ६० बाटल्यांची मागणी आली. पाव किलोची बाटली, किंमत १२० रुपये. म्हणजे ७,२०० रुपये. मुलीच्या कॉलेजच्या फीचा एक हप्ता त्यातून भागायचा होता. अट एवढीच, की साखर निम्मी घाला. हल्ली सगळ्यांना तसाच आवडतो.

तिने साखर निम्मी घातली. जॅम दिसायला सुरेख झाला, चवीला तर फारच छान. दिवाळीआधी दहा दिवस बाटल्या घरोघर पोहोचल्या, आणि भाऊबीज उलटते न उलटते तोच फोन सुरू झाले. कुणाच्या बाटलीत वर पाणी सुटले होते, कुणाच्या झाकणाखाली पांढरी लव धरली होती, कुणाचे झाकण उघडताना फस्स असा आवाज झाला. त्यानंतर तिने जे केले ते मला फार आवडले. ज्यांनी तक्रार केली नव्हती त्यांनाही तिने आपण होऊन फोन केले, बाटल्या परत मागवल्या आणि पैसे सगळ्यांचे परत केले. फी भाऊजींनी उसनवार करून भरली. मार्गशीर्षात दोन बाटल्या पिशवीत घालून ती माझ्याकडे पुण्याला आली आणि म्हणाली, "वहिनी, काय बिघडलं ते एकदा मला दाखवा. नाहीतर हे सगळं बंद करून टाकते."

मी निवृत्त होईपर्यंत शाळेत रसायनशास्त्र शिकवीत होते, म्हणून ती माझ्याकडे आली. नाहीतर हाताच्या चवीत ती माझ्यापुढे चार पावले आहे. आम्ही ओट्यावर वजनकाटा मांडला, कागद-पेन्सिल घेतली, आणि आधी चूल न पेटवता हिशेब करायला बसलो.

हिशेबाआधी एक गोष्ट स्पष्ट करून घेतली पाहिजे. आपल्या घरात मुरंबा, साखरांबा, मोरावळा हे प्रकार पिढ्यान्‌पिढ्या होत आले आहेत, म्हणून जॅम हा त्यांचाच कुणी साहेबी चुलतभाऊ असावा असे आपण धरून चालतो. तसे ते नाही. मुरंब्यात फोडी पाकात मुरतात, पाक पाकच राहतो. म्हणून सासूबाई बोटांत तार पाहून मुरंबा उतरवीत आणि त्यांचा अंदाज कधी चुकत नसे. जॅममध्ये फळ मोडून एकजीव होते, आणि ते सारे थिजते ते फळातल्याच एका द्रव्याच्या जोरावर. त्याचे नाव पेक्टिन. ब्राकोनो नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८२५ साली त्याला हे नाव दिले. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ थिजणे, गोठणे असा आहे. फळाच्या पेशी एकमेकींना धरून राहतात त्या याच्यामुळे. कच्च्या फळात ते घट्ट बांधलेले असते, फळ पिकत आले की मोकळे होऊ लागते, आणि फळ अतिपक्व झाले म्हणजे मोडून जाते. म्हणून 'पिकून लिबलिबीत झालेत, आता जॅम तरी करू' हा आपला नेहमीचा विचार मुळातच उलटा आहे. जॅमला पेरू घ्यावेत ते निम्मे पिकलेले, निम्मे गाभुळलेले. पिकलेल्यांनी वास येतो, गाभुळलेल्यांनी घट्टपणा.

पेक्टिनचे धागे पाण्यात मोकळे तरंगत असतात आणि एकमेकांना दूर ढकलीत असतात. त्यांना एकत्र आणायला दोन मध्यस्थ लागतात. पहिला मध्यस्थ आंबटपणा. तो धाग्यांमधला दुरावा कमी करतो. दुसरा मध्यस्थ साखर. ती धाग्यांभोवतीचे पाणी स्वतःकडे ओढून घेते, आणि पाणी गेले की धागे एकमेकांत गुंततात, त्यांची जाळी विणली जाते. पेरूत पेक्टिन भरपूर. पण आंबटपणा जॅमला हवा तेवढा नाही. म्हणून किलोभर गराला दोन रसाळ लिंबे पिळावी लागतात. लिंबाचे आणखी एक काम आहे आणि ते दिवाळीच्या दिवसांत प्रत्येकीने केलेले आहे. बुंदीच्या लाडवांच्या पाकात आपण लिंबाचे चार थेंब का पिळतो? पाकात पुन्हा साखरेचे खडे धरू नयेत म्हणून. आम्लाबरोबर उकळताना साखरेचा काही भाग फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होते आणि मग खडे सहजासहजी धरत नाहीत. जॅममध्येही तेच घडते.

आता साखरेचे तिसरे काम. हेच धाकटीच्या ६० बाटल्यांना भोवले. कैरीच्या लोणच्यात मीठ जे करते तेच जॅममध्ये साखर करते. बुरशीला आणि यीस्टला जगायला पाणी लागते. साखर पुरेशी असली की ती पाणी असे धरून ठेवते की जंतूंच्या वाट्याला ते येतच नाही. उलट त्यांच्याच अंगातले पाणी बाहेर ओढले जाते. साखर कमी पडली की बरणीत पाणी मोकळे राहते आणि मग तो जंतूंना गोड खाऊच होतो. म्हणून कायद्यानेही इथे आकडा घालून दिला. १९५५ सालच्या फ्रूट प्रॉडक्ट्स ऑर्डरमध्ये तो होता. तो आदेश जाऊन त्याच्या जागी २००६ चा अन्न सुरक्षा कायदा आला, त्याखालच्या नियमांतही तो आहे. जॅममध्ये विरघळलेले घन पदार्थ, म्हणजे मुख्यत्वे साखर, वजनाच्या ६५ टक्क्यांहून कमी असता कामा नयेत. आणि फळ, एरवी, ४५ टक्क्यांहून कमी नसावे. घरी करताना मी ६८ ते ७० वर हिशेब धरते. घरात कारखान्यासारखी बाटली बंद करण्याची सोय नसते आणि आपण घरच्या जॅमला टिकाऊ द्रव्येही घालीत नाही.

धाकटीचा हिशेब असा निघाला. एक किलो गर, त्यात अर्धा किलो साखर. पेरूच्या गरात स्वतःचे असे शंभरात सात-आठ भाग धरा. म्हणजे ७० ग्रॅम. एकूण ५७० ग्रॅम. आणि पातेले उतरवले तेव्हा जॅम भरला सव्वा किलो, पाच बाटल्या. १,२५० ग्रॅममध्ये ५७०, म्हणजे शंभरात ४६ सुद्धा नाहीत! निम्म्याहून अधिक पाणी. ती कागदाकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "म्हणजे मी आणखी आटवायला हवं होतं?" आटवून ६८ पर्यंत आणायचे तर सव्वा किलोचे ८४० ग्रॅम करावे लागले असते. तोवर गर इतका घट्ट झाला असता की तो बाटलीत ओतता आला नसता, ताटात थापून वड्याच पाडाव्या लागल्या असत्या. गोव्यात नाताळच्या फराळात पेराद म्हणून पेरूच्या वड्या करतात, त्या अशाच कडा सोडेपर्यंत आटवतात. साखर मात्र त्यांतही भरपूर असते. फार सुंदर पदार्थ आहे, पण तो पावाला लावता येत नाही.

याच कागदावर आणखी एक गोष्ट उघड झाली. निम्म्या साखरेत किलोभर गराच्या पाच बाटल्या होतात. पुऱ्या साखरेत सहा. कमी साखरेचा जॅम नासतोही लवकर आणि पडतोही महाग. गिऱ्हाइकाला मात्र वाटते, साखर वाचली म्हणजे बाईंचे पैसे वाचले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मंडईतून पेरू आणले. लखनौ-४९ जातीचे, म्हणजे ज्याला सरदार म्हणतात ते. नाव लखनौचे असले तरी हा पेरू पक्का पुणेकर आहे. १९२७ साली गणेशखिंडीच्या सरकारी बागेत डॉ. चीमा आणि देशमुख यांनी तो निवडून काढला. विक्रेत्याला हे सांगितले तर त्याने 'बरं बरं' म्हणून अर्धा किलो जास्त गळ्यात मारला, ते असो.

कृती सांगते. दीड किलो पेरू धुऊन, देठ आणि काळे डाग काढून, सालासकट बारीक चिरावेत. जाड बुडाच्या रुंद स्टेनलेस स्टीलच्या पातेल्यात घालून जेमतेम बुडतील एवढेच पाणी घालावे. ॲल्युमिनियम नको, कल्हई नसलेले पितळ तर मुळीच नको. आंबट पदार्थ धातू खातो. मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटे, फोडी बोटाने चिरडतील इतक्या मऊ होईपर्यंत शिजू द्याव्यात. या वेळी साखर घालायची नाही. साखर आधी घातली तर फोडी आखडतात, मऊ होत नाहीत आणि पेक्टिनही नीट सुटत नाही. मुरंब्याला फोडी आधी वाफवून घेतात त्यातलीच ही गोष्ट. मग पुरणयंत्रातून गर काढावा. बारीक जाळी लावली की बिया वर राहतात. मिक्सर फिरवू नये, बियांचा चुरा होऊन जॅम दाताखाली कचकचतो. लिंबांच्या बिया आणि सालीखालचा पांढरा भाग मलमलच्या पुरचुंडीत बांधून फोडींबरोबर शिजत टाकला तर उत्तमच. त्यात पेक्टिन खच्चून भरलेले असते आणि एरवी आपण ते केरात टाकतो.

आता गराचे वजन करावे. डोळ्यांनी नव्हे, वाटीने नव्हे, काट्यावर. एक किलो गराला एक किलो साखर. हा आकडा ऐकून धाकटीच्या तोंडून "अगं बाई!" निघालेच. पण आकडा हाच. गर आणि साखर आधी मंद आचेवर सारखे हलवावे आणि साखर पुरती विरघळू द्यावी. त्याआधी आच वाढवली तर तळाशी लागते आणि खडेही राहतात. विरघळली की आच मोठी करावी आणि मग दयामाया दाखवू नये. चांगला खदखदून कढ आला पाहिजे. वर मळी येईल ती शेवटी एकदाच काढावी, दर मिनिटाला पळी घेऊन बसू नये. लिंबाचा रस कढ आल्यानंतर घालावा. मंद आचेवर तासभर रटरटत ठेवलेला जॅम तपकिरी होतो आणि आंबटपणात फार वेळ उकळल्याने पेक्टिन मोडते. मग कितीही आटवा, तो पाकासारखाच राहतो. म्हणूनच रुंद पातेले, आणि एका वेळी फार झाले तर दोन किलोचा घाणा. हाताला लांब बाही किंवा फडके गुंडाळावे. हा रस उडाला तर उकळत्या पाण्याहून वाईट भाजतो. मुलांना त्या वेळी स्वयंपाकघरात येऊ देऊ नये.

झाला केव्हा म्हणायचा? इथेच बहुतेकींची गाडी अडते. तार पाहून उपयोग नाही. गराच्या दाटपणाने तार फसवते आणि गरम जॅम नेहमी पातळच दिसतो. 'अजून जरा, अजून जरा' करता करता त्याची चिक्की होते. एक जुनी परीक्षा बशीची. बशी बर्फाच्या कप्प्यात ठेवावी, तिच्यावर चमचाभर जॅम टाकून मिनिटभराने बोटाने लोटावा. वर सुरकुती पडली तर झाला. बशी बघेपर्यंत पातेले आचेवरून खाली ठेवावे, हे विसरू नये. दुसरी परीक्षा पळीची. पळी तिरकी धरली की थेंब सुटे न पडता एकत्र येऊन पापुद्र्यासारखा ओघळतो.

परंतु विकण्यासाठी करणारीला माझा सल्ला वजनाचाच. तयार जॅमचे वजन घातलेल्या साखरेच्या दीडपट झाले की तो झाला. रिकाम्या पातेल्याचे वजन आधी करून कागदावर लिहून ठेवायचे. आमचे पातेले ९०० ग्रॅमचे, साखर एक किलो, म्हणजे जॅम दीड किलो. काट्यावर लाकडी पाट ठेवून आकडा शून्यावर आणला, त्यावर गरम पातेले ठेवले. पहिल्यांदा २ किलो ७५० भरले; पुन्हा आचेवर. दुसऱ्यांदा २ किलो ५३०. तिसऱ्यांदा २ किलो ४००, आणि आच बंद. दीड किलोत एक किलो सत्तर ग्रॅम घन पदार्थ, म्हणजे शंभरात ७१. धाकटीने तो कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला.

ज्यांच्याकडे थर्मामीटर आहे त्यांच्यासाठी एक सावधगिरीची सूचना. परदेशी पुस्तकांत आणि कधीकधी थर्मामीटरच्या पट्टीवरही जॅमसाठी १०५ अंश सेल्सिअस छापलेले असते. ते समुद्रसपाटीचे आहे. मुंबई-डोंबिवलीला ते बरोबर. पुणे साडेपाचशे मीटर उंचीवर असल्याने इथे पाणीच ९८ अंशांच्या आसपास उकळते, म्हणून जॅम १०३ लाच उतरवला पाहिजे. महाबळेश्वर तर तेराशे मीटरांहून उंच. तिथे शंभराच्या जवळपासच काम होते. आपल्या गावी आधी नुसते पाणी उकळून आकडा पाहावा आणि त्यात पाच मिळवावेत, म्हणजे पुस्तक बघायला नको.

बाटल्या काचेच्या, साबणाने धुऊन पाण्यात दहा मिनिटे उकळलेल्या, आणि पुरत्या कोरड्या. बाटली गरम असतानाच गरम जॅम ओतावा. बाटली थेट ओट्याच्या दगडावर ठेवू नये, पाटावर किंवा घडी केलेल्या फडक्यावर ठेवावी. नाहीतर टचकन तडकते. काठोकाठ भरावी, लगेच झाकण घट्ट लावून दोन मिनिटे उलटी धरावी, म्हणजे झाकणाची आतली बाजूही तापून निघते. पूर्वी वरून मेणाचा थर ओतण्याची पद्धत होती. मेण गार होताना आकसते, कडेला फट राहते आणि नेमकी तिथूनच बुरशी शिरते. ती पद्धत आता सोडून द्यावी.

आणि बुरशी आलीच तर? वरचा थर काढून टाकायचा आणि खालचे मुलांना द्यायचे, असे अनेक घरांत चालते. आमच्याही घरी पूर्वी चालत असे. साखर रेशनवर मिळायची त्या दिवसांत अख्खी बरणी टाकायला कुणाचा हात धजत नव्हता. पण दिसते ती बुरशीची फक्त फुले. तिचे तंतू खाली गेलेले असतात, आणि काही बुरश्या विषारी द्रव्ये सोडतात ती डोळ्यांना दिसत नाहीत, पुन्हा उकळूनही भरवशाने जात नाहीत. बाटली सरळ टाकून द्यावी. ओला चमचा किंवा पोळीचे कण लागलेला चमचा बाटलीत घालणाऱ्याला मात्र घरात जरूर रागे भरावे. पुऱ्या साखरेच्या जॅमलाही ओलावा लागला की वरचा थर पातळ होतो आणि तेवढ्याशा जागेत बुरशीचे फावते.

मग मधुमेही सासऱ्यांचे काय? जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले आहे की वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या दहा टक्क्यांच्या आत असावी, आणि पाच टक्क्यांच्या आत, म्हणजे मोठ्या माणसाला सुमारे २५ ग्रॅम, राहिली तर अधिक चांगले. आमच्या जॅमच्या एका भरल्या चमच्यात, २० ग्रॅम धरले तर, १३-१४ ग्रॅम साखर जाते. म्हणजे निरोगी माणसाच्याही दिवसाच्या वाट्यातला निम्मा भाग एका चमच्यात. मधुमेहाच्या माणसाने किती खावा, खावा की नाही, हे त्याच्या डॉक्टरांना विचारावे. मी सांगेन ते एवढेच, की त्यांच्यासाठी 'कमी साखरेचा जॅम' म्हणून महिनाभर टिकणारे काही घरी करायला जाऊ नये. बाजारात साखरविरहित जॅम मिळतात त्यांत बहुधा वेगळ्या जातीचे पेक्टिन असते, ते साखरेवाचून कॅल्शियमच्या आधाराने थिजते, आणि टिकाऊ द्रव्येही असतात. ती सोय आपल्या ओट्यावर नाही. घरी हवे तर पेरू नुसता वाफवून, गर काढून, चिमूटभर दालचिनी घालून शिजवावा, वाटीभरच करावा, फ्रीजमध्ये ठेवून चार-पाच दिवसांत संपवावा. पेरूची स्वतःची साखर त्यातही असतेच, हे मात्र लक्षात असू द्यावे.

धाकटीने पौषात पुन्हा सुरुवात केली. बाटली पाव किलोची होती ती शंभर ग्रॅमची केली, कारण ज्यांना गोड कमी खायचे आहे ते लहान बाटली घेतात आणि ती लवकर संपते. चिठ्ठीवर साखर किती हे मोठ्या अक्षरांत छापते. गेल्या वर्षी मागणी नोंदवणाऱ्या वसाहतीतल्या निम्म्या बायका परत आल्या, निम्म्या आल्या नाहीत. उसने घेतलेल्यांपैकी थोडे अजून फेडायचे आहेत. या दिवाळीला तिला एका बाईंनी फोनवर पुन्हा विचारलेच, "साखर निम्मी करून मिळेल का हो?" ती म्हणाली, "मिळेल ताई, पण मी त्याला जॅम म्हणणार नाही. आदल्या दिवशी सांगा, ताजा गर शिजवून देते. फ्रीजमध्ये ठेवायचा आणि चार दिवसांत संपवायचा." बाई जरा घुटमळल्या आणि त्यांनी शंभर ग्रॅमच्या दोन बाटल्या सांगितल्या.

पेरूवर हात बसला की पुढची फळे अवघड नाहीत, पण प्रत्येकाची खोड निराळी. स्ट्रॉबेरी पौष-माघात स्वस्त होते. तिच्यात पेक्टिन फार थोडे, म्हणून तिच्याबरोबर गाभुळलेला पेरू किंवा सफरचंद शिजवावे. अननसाचेही तसेच. पपईत आंबटपणा नाही, तिला लिंबू सढळ हाताने लागते. आवळा आणि वैशाखातली करवंदे मात्र पेक्टिनच्या बाबतीत पेरूच्या तोडीची. आणि महाशिवरात्रीच्या सुमाराला कवठे येतील, त्यांच्या जेलीसाठी तर पेक्टिन शोधायलाच नको; ती गाळायची कशी आणि तिचा रंग राखायचा कसा, ते त्या वेळी सविस्तर लिहीन. तोवर रिकाम्या काचेच्या बाटल्या भंगारवाल्याला देऊ नका. झाकणे तेवढी नवी आणा; जुन्या झाकणांच्या आतला थर सुटलेला असतो आणि लोणच्याचा वास काही केल्या जात नाही.